एकटीनं फिरतेय, सातवा महिना चालू आहे, आणि आता कशानंच काही वाटेनासं झालंय

निळी_सॅक:

मंडळी नमस्कार. बरेच महिने नुसतीच वाचत होते, आज धीर करून लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

जानेवारीच्या मध्यात निघाले. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, मग इंडोनेशिया, जून-जुलै किर्गिझस्तान आणि आता ऑगस्टमध्ये जॉर्जिया. एकटी, ४० लिटरची एक सॅक, साठवलेले पैसे, नोकरी सोडलेली. निघताना वर्षभराचं ठरवलं होतं आणि सगळ्यांना तसंच सांगून बसलेय.

परवा मेस्तियाहून चार दिवस चालून उश्गुलीला पोचले. वर शखारा आहे, ५,१९३ मीटर, जॉर्जियातलं सगळ्यात उंच शिखर. दिवसभर ढगात होतं, संध्याकाळी ढग हटले आणि बर्फाची अख्खी भिंत एकदम समोर उभी राहिली, खाली गावातले ते जुने दगडी मनोरे. वाटेत भेटलेली एक मुलगी माझ्या शेजारी उभी होती, तिचे डोळे भरून आले, तिला बोलता येईना. मी एक फोटो काढला आणि फोनला रेंज आहे का ते बघितलं. बास. आनंद नाही, दुःख नाही, नुसतं हं, झालं, आता खोलीवर जाऊ. त्या क्षणी मला स्वतःचीच भीती वाटली.

कारण मी अशी नाहीये हो. फेब्रुवारीत लाओसमध्ये हुआय साय ते लुआंग प्रबांग मेकाँगमधून दोन दिवसांच्या होडीनं गेले होते, ती लांबडी लाकडी होडी, आत जुन्या गाड्यांच्या काढून आणलेल्या सीटा मांडलेल्या, रात्री पाकबेंगला मुक्काम. त्या दोन दिवसांत घडलं काहीच नाही, नदी, डोंगर, मध्येच एखाद्या वाळूच्या काठावर उतरून झाडीत दिसेनाशी होणारी माणसं, एवढंच. आणि मी इतकी खूश होते की पाकबेंगला रात्री झोपच येईना, वाटत होतं हेच, ह्यासाठीच निघालो आपण. जुलैत सोंग-कुलला, ३,००० मीटरवरचा तलाव आहे तो, पहाटे यर्टच्या, म्हणजे तिथल्या गोल तंबूच्या, बाहेर आले तर घोडे अगदी हाताच्या अंतरावर चरत होते, गवत तोडल्याचा करकर आवाज येत होता, बाकी सगळीकडे शांत, आणि मी उभ्या उभ्या रडले, सुखानं. ह्याला जेमतेम महिना झालाय!

आणि आता काय, तर मागच्या आठवड्यात सॅकचं छातीवरचं बक्कल तुटलं. प्लास्टिकचं, दोन बोटांएवढं. मी डॉर्मच्या फरशीवर ते हातात घेऊन अर्धा तास रडत बसले. समोरच्या बंकवरच्या मुलानं बिचाऱ्यानं काळजीनं विचारलं, कुठून आलीस, किती दिवस झाले, आधी कुठे होतीस, पुढे कुठे. तेच चार प्रश्न. सात महिने रोज तेच चार प्रश्न, रोज तीच चार उत्तरं. मी काही न बोलता बाहेर निघून गेले, आणि सकाळी परत आले तर तो चेकआउट करून गेला होता, माफी मागायची राहूनच गेली. त्याचं अजून मनाला लागून राहिलंय.

घरी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला रोज एक फोटो जातो, हसरा. उश्गुलीचाही गेला.

एवढंच विचारायचंय की हे असं सगळ्यांना होतं का, की मी ह्यासाठी बनलेलीच नाहीये? आणि परत गेले तर आयुष्यभर चुटपुट लागून राहील का?

मुक्काम_पोस्ट:

तू ह्यासाठी बनलेली नाहीस हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाक. जी माणूस पाकबेंगला आनंदानं जागी राहिली ती ह्यासाठी नाही तर कशासाठी बनलीय?

मी चौदा महिने दक्षिण अमेरिकेत होतो, माझं सहाव्या महिन्यात झालं. बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं वाळवंट, १०,००० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं, पावसानंतर पाण्याचा पातळ थर असतो त्यावर, वर आभाळ आणि खाली आभाळ, लोक तिथे वेड्यासारखे नाचत होते आणि मी जीपमध्ये बसून सॅकच्या साइडच्या कप्प्यात चार्जर आहे का ते तिसऱ्यांदा चाचपत होतो. तुझं फोनच्या रेंजचं वाचलं आणि ते जसंच्या तसं आठवलं.

मी काय केलं तर तिथून बोलिव्हियातल्याच सुक्रे शहरात गेलो आणि पाच आठवडे हललो नाही. ठरवून नव्हतं ते, पुढची बस शोधायची ताकदच उरली नव्हती म्हणून राहिलो. एक खोली घेतली आणि स्पॅनिशच्या क्लासला नाव घातलं, सुक्रेत बरेच बॅकपॅकर तेच करतात. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस दांडी मारली, नुसता पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर बाई म्हणाल्या, काल का नाही आलास, बरं नव्हतं का? साधा प्रश्न. पण मला उत्तरच देता येईना, घसा दाटून आला. सहा महिन्यांत मी कुठे नाही आलो हे पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. तोवर मी रोज कुठेतरी पोचत होतो, पण न पोचलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

तेव्हा मला समजलं की मी जागांना कंटाळलो नव्हतो, रोज नव्यानं अनोळखी होण्याला कंटाळलो होतो. दर तीन दिवसांनी नवा बिछाना, नवे रस्ते, संडासाचा दिवा कुठे आहे इथपासून सगळं पुन्हा शिकायचं, आणि ज्याच्याशी जरा जुळलं त्याला दुसऱ्या दिवशी टाटा. भेटणं छोटं असलं तरी सोडणं छोटं नसतं ना, ते साठत जातं.

नंतर घरी आल्यावर ह्याबद्दल थोडं वाचलं. लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये, अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांवर अभ्यास केला होता. सहा महिन्यांच्या आत परतलेले ठीक होते, दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेलेही ठीक होते, मधले सहा ते अठरा महिन्यांवाले सगळ्यात कमी रुळलेले निघाले. म्हणजे आधी वर, मग खड्डा, मग हळूहळू वर. आता ती माणसं एका देशात राहत होती, त्यांना खड्ड्यातून वर यायला जागा तरी होती, आपण खड्डा लागला की बॅग उचलून पुढच्या देशात जातो आणि परत पहिल्यापासून सुरू.

म्हणून माझं म्हणणं, परत जायचं की नाही हा निर्णय आत्ता घेऊच नकोस. आधी एका जागी थांब. चार आठवडे. डॉर्म नको, स्वतःची किल्ली असलेली खोली. आणि असं काहीतरी लाव की जिथे तू नाही गेलीस तर कुणीतरी विचारेल.

रात्रगाडी:

वरचं सगळं पटलं पण मी जरा दुसरीकडून येते. मनाचं नाव द्यायच्या आधी शरीर तपासून घे ताई, प्लीज.

एक, झोप. नवीन जागी पहिल्या रात्री आपल्याला नीट झोप लागत नाही हे सगळ्यांनाच माहितीय, पण २०१६ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी झोपेत मेंदू तपासून दाखवलं की नव्या जागेत पहिल्या रात्री डाव्या बाजूचा मेंदू उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीक आवाजालाही दचकतो, एक अर्धा भाग जणू पहाऱ्यावर असतो. आता तू हिशोब कर, सात महिन्यांत तुझ्या पहिल्या रात्री किती झाल्या? माझ्या आफ्रिकेच्या ट्रिपमध्ये चार महिन्यांत ५० च्या वर बिछाने झाले होते, मी डायरीत मोजले. त्यात नाइट बस वेगळ्या. इतका पहारा दिल्यावर समोर शिखर असो नाहीतर भिंत, मेंदू म्हणणारच की मला झोपू द्या.

दोन, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण माझ्या बाबतीत झालंय. मलेरियासाठी गोळ्या घेतल्यास का इतक्यात? आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विन नावाची गोळी असते. मी मलावीला तलावाच्या काठी होते, स्वर्ग म्हणावा अशी जागा, आणि मला रोज रात्री इतकी भयंकर खरी स्वप्नं पडायची की घामानं उठायचे, दिवसा छातीत सतत धडधड, कुणी मागून चालत आलं तरी अंग आक्रसायचं. तीन आठवडे मला वाटत राहिलं की हा एकटेपणा आहे, मी खचतेय, मला हे झेपत नाहीये. शेवटी बरोबरच्या एका वयस्कर बाईंनी विचारलं तू गोळी कुठली घेतेस. डॉक्टरांकडे गेले, त्यांनी गोळी बदलून दिली, डॉक्सीसायक्लिन, ती रोजची असते. दहा-बारा दिवसांत मी परत मी झाले. ह्या गोळीचे मनावर असे परिणाम काही लोकांना होतात हे नीट माहीत असलेलं आहे, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं २०१३ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. सगळ्यांना होतंच असं नाही आणि मलेरियाच्या भागात आपली आपण गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारूनच बदलायची. पण विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

तिसरं, ताप येऊन गेलाय का? कंबोडिया-इंडोनेशियात डेंग्यू असतो आणि तो गेल्यावरही कितीतरी आठवडे गळून गेल्यासारखं, उदास वाटत राहू शकतं.

आणि एक गोष्ट मुलींसाठीच. आपण एकट्या फिरतो तेव्हा दिवसभर एक कान मागे असतो. कोण बघतंय, परतताना अंधार पडेल का, दाराची कडी आतून नीट बसते का, टॅक्सीचा नंबर मैत्रिणीला पाठवला का. हे आपण इतकं सवयीनं करतो की थकवा कुठून येतोय ते लक्षातच येत नाही. मी एकदा दोन महिन्यांनी आतून कडी असलेल्या स्वतंत्र खोलीत झोपले, दुपारी तीनला पडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उठले. अठरा तास. त्या दिवशी कळलं की अंग किती आवळून धरलं होतं मी.

हे सगळं बघून घे आणि मग ठरव. आणि झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त उडालेली असेल, किंवा जगण्यातच राम नाही असं मनात येत असेल, तर हे बॅकपॅकिंगचं दुखणं समजून काढत बसू नकोस. त्याच दिवशी घरी फोन आणि डॉक्टर.

निळी_सॅक:

@रात्रगाडी, मलेरियाची गोळी घेतली नाहीये. पण मे महिन्यात इंडोनेशियात लोम्बोकला ताप आला होता, पाच दिवस, हाडं फुटतील असं अंग दुखत होतं, टेस्ट न करताच पडून काढला. तो काय होता कुणास ठाऊक. आणि तुम्ही म्हणताय म्हणून काल रात्री डायरी काढून मोजलं, सात महिन्यांत ८१ बिछाने. मला स्वतःला वाटलं होतं चाळीसेक असतील.

नाही, तसलं टोकाचं काही मनात येत नाही. जेवतेय. फक्त सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं.

@मुक्काम_पोस्ट, 'कुणाला कळलंही नसतं' हे वाचून बराच वेळ फोन खाली ठेवून बसले. पण थांबायचं म्हटलं की लगेच वाटतं की दिवस वाया चाललेत. पैसे मोजून आलेत, व्हिसा मोजून आलेत, आणि मी खोलीत पडून राहू?

पामीर_पाणी:

मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. ते आधी वर मग खड्डा मग वर, एवढं सरळ माझ्या बाबतीत तरी कधीच झालं नाही. माझे चढउतार महिन्यांचे नव्हते, तासांचे होते. एकाच दिवसात चार वेळा.

एक दिवस सांगतो. २०१९, किर्गिझस्तानातल्या ओशहून ताजिकिस्तानातल्या मुरगाबला शेअर जीपनं. पहाटे पाचला जीपवाल्यानं अजून दोन माणसं भरल्याशिवाय निघत नाही म्हणून सांगितलं, साडेतीन तास थंडीत उभा, डोक्यात एकच की मी इथे का आहे, कुणी सांगितलं होतं. मग बॉर्डर पार केली आणि काराकुल तलाव दिसला, इतका निळा की शेजारच्या अनोळखी आजोबांचा हात मी दाबला, त्यांनी पण परत दाबला. मग अक-बाइतालच्या खिंडीत, ४,६५५ मीटर, डोकं फुटायला आलं, उलटी झाली, आणि खरं सांगतो मला आई आठवली, तिशी उलटलेल्या माणसाला. आणि रात्री मुरगाबला ज्यांच्या घरी उतरलो तिथे लाइट गेली होती, कंदिलाच्या उजेडात त्यांची दहा वर्षांची पोरगी मला रशियन आकडे शिकवत होती आणि मी सात आणि आठमध्ये सारखा चुकत होतो म्हणून हसून हसून तिला उचक्या लागल्या. माझ्या सगळ्या ट्रिपमधली ती सगळ्यात सुखाची रात्र असेल.

सांगायचं कारण हे की त्या दिवशी पहाटे साडेसहाला कुणी मला विचारलं असतं की परत जायचं का, तर मी हो म्हणून मोकळा झालो असतो. तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला की उपाशी असताना, चढावर असताना आणि रात्री दहानंतर कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. उंचीवर तर नाहीच, २,५०० मीटरच्या वर विरळ हवेनं झोप तुटते, चिडचिड होते, ते आपल्या मनाचं खरं मत नसतं.

पण तुझं मात्र एका दिवसाचं वाटत नाहीये हे मान्य. तुझं साठलेलं आहे. आणि 'दिवस वाया चाललेत' असं वाटतंय म्हणतेस ना, तिथेच गोची आहे असं मला वाटतं. तू सुट्टीवर असल्यासारखी फिरतेयस, सात महिने. सुट्टीत माणूस दिवस वसूल करतो. वर्षभर कुणी वसुली करू शकत नाही गं, त्यात मंगळवारही येणार, कपडे धुवायचा दिवस येणार, काहीच न करायचा दिवस येणार.

जुनी_पायवाट:

अगं मुली, मी ६१ वर्षांची आहे, नोकरीतून निवृत्त झाल्यावर एकटी फिरायला लागले, त्यामुळे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं असं नाही, पण परत येण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

मी २०२२ मध्ये सहा महिन्यांचं ठरवून निघाले होते आणि चौथ्या महिन्यात परतले. पोर्तुगालमध्ये होते, पाय दुखावला वगैरे कारण सांगितलं सगळ्यांना. खरं कारण वेगळं होतं, मला माझ्या बहिणीशी समोरासमोर बसून बोलायचं होतं, दुसरं काही नको होतं. परतले त्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. तेव्हा चुटपुट लागेल का ह्याचं माझं उत्तर, ज्या कारणासाठी परततेस ते कारण खरं असेल तर नाही लागत. नुसतं पळून आलीस तर लागेल.

पण हेही ऐकून ठेव की घरी आल्यावर दुसरा खड्डा असतो, आणि त्याची कुणी कल्पना देत नाही. १९६३ मध्ये गलाहॉर्न नावाच्या नवराबायकोनं मुक्काम_पोस्टनं सांगितलेल्या त्या वर-खड्डा-वर आलेखाला पुढे जोडून दाखवलं की परत आल्यावर तोच उतार-चढ पुन्हा होतो, म्हणजे यू आकाराऐवजी डब्ल्यू. मला ते नाव खूप उशिरा कळलं. पहिले दहा दिवस सगळे प्रेमानं विचारतात, काय काय पाहिलंस, आणि मी दुसरं वाक्य बोलेपर्यंत विषय बदललेला असतो. त्यांचं चुकत नाही, त्यांनी तरी काय विचारावं. कितीतरी दिवस मी रात्री जाग आली की उशीखाली लॉकरची किल्ली चाचपायचे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर. आणि ती नाही म्हटल्यावर क्षणभर जीव घाबरा व्हायचा, मग आठवायचं की आपण घरी आहोत, आणि तेव्हा बरं वाटण्याऐवजी उगीच रडू यायचं.

म्हणून परतायचंच असलं तर परत, पण हे सगळं तिथेच संपेल असं धरून नको येऊस. आल्यावर पहिला महिना काही ठरवू नकोस, नोकरी नाही, लग्न नाही, पुढची ट्रिप नाही. आणि आणखी एक फिरलेलं माणूस धरून ठेव जिला रात्री फोन करता येईल.

आईला हसरा फोटो पाठवतेस ते वाचून वाईट वाटलं. मी आईही आहे म्हणून सांगते, आम्हाला फोटोत दिसतं. न सांगता दिसतं. आम्ही विचारत नाही कारण आम्हाला वाटतं की विचारलं तर तू फोटोही पाठवायची नाहीस.

कोरडा_डोंगर:

थोडं विषयांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. इब्न बतूता माहीतच असेल सगळ्यांना. १३२५ मध्ये मोरोक्कोतल्या टँजियरहून एकटा निघाला तेव्हा फक्त २१ वर्षांचा होता. पुढे चीनपर्यंत गेला म्हणून आपण त्याला मोठा प्रवासी म्हणतो, पण सुरुवातीच्याच काही महिन्यांत, तापानं फणफणलेला, घोड्यावरून पडू नये म्हणून स्वतःला खोगिराला बांधून घेऊन तो ट्युनिसला पोचला, तेव्हा शहरातली माणसं काफिल्याला भेटायला बाहेर आली आणि जो तो आपापल्या ओळखीच्याला मिठी मारत होता, आणि ह्याला ओळखणारं कुणीच नव्हतं. त्यानं स्वतः सांगितलंय की त्याला रडू आवरेना. बरोबरच्या एका यात्रेकरूच्या ते लक्षात आलं, तो जवळ आला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला.

ह्या माणसानं नंतर जवळजवळ २४ वर्षं प्रवास केला, १३४९ मध्ये मोरोक्कोत परतला. एवढं पाहिल्यानंतर पन्नाशीत आठवणी सांगायला बसला तेव्हाही ट्युनिसच्या वेशीवरचं ते रडणं त्यानं वगळलं नाही. मला तो ह्याच गोष्टीसाठी जवळचा वाटतो.

तुझ्या त्या बंकवरच्या मुलाचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यालाही कुणीतरी तसं रडताना पाहिलं असेल कधीतरी, म्हणूनच त्यानं विचारलं.

मुक्काम_पोस्ट:

@जुनी_पायवाट, उशीखालच्या किल्लीचं वाचून अंगावर काटा आला. माझं तेच व्हायचं, फक्त किल्लीऐवजी पासपोर्टची पिशवी.

@निळी_सॅक, थांबलीस का? कळव बाई.

निळी_सॅक:

तुम्हा सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, पण ते थांबल्यामुळेच. चार आठवडे जॉर्जियातच, कुतैसी शहरात आहे. एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर खोली घेतली, आतून कडी आहे, खिडकीतून रिओनी नदी दिसत नाही पण रात्री ऐकू येते.

पहिला आठवडा फार वाईट गेला, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं थांबल्यावर बरं वाटेल, उलट धावताना जे मागे राहत होतं ते सगळं येऊन गाठलं. चार दिवस फक्त झोपले आणि रडले. सहाव्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासलं, हिमोग्लोबिन बरंच खाली गेलंय, गोळ्या चालू केल्यात. लोम्बोकच्या तापाचं आता सांगता येणार नाही म्हणाले. म्हणजे मी शखारासमोर उभी होते तेव्हा अंगात रक्तच पुरेसं नव्हतं! रात्रगाडी, तुम्ही लिहिलं नसतं तर मी गेले नसते, मनापासून आभार.

दुसऱ्या आठवड्यात भाषा शिकवणाऱ्या एका बाईंकडे जायला लागले, आठवड्यातून तीन दिवस. जॉर्जियन लिपीत ३३ अक्षरं आहेत, मोठी-लहान असा भेद नाही, आपल्यासारखंच. एक दिवस रस्त्यानं जाताना समोरची पाटी मी न थांबता वाचली, आफ्तियाकी, म्हणजे औषधांचं दुकान, आणि मला इतका आनंद झाला की मी त्या दारासमोर उभी राहून परत एकदा वाचली. दीड महिना मी ती गोल गोल नक्षी बघत फिरत होते आणि ती अचानक बोलायला लागली. सोंग-कुलच्या घोड्यांनंतर मला पहिल्यांदा काहीतरी झालं, आणि ते झालं कशानं तर एका पाटीनं.

सगळं ठीक झालंय असं नाही. काल परत तसा सपाट दिवस होता. पण आता दिवस सपाट आहे एवढंच वाटतं, मी सपाट आहे असं नाही वाटत. आणि पामीर_पाणी म्हणतात तसा मंगळवार येऊ देते.

आईला फोन केला. फोटो नाही, फोन. सगळं सांगितलं, बक्कल, फरशीवरचं रडणं, शखारा, रक्ताचं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "कंबोडियापासून मला वाटत होतं." आणि मग म्हणाली, "यायचं असलं तर ये, नसलं तर नको येऊस, पण उद्यापासून हसायचं नाही फोटोत, हसू आलं तरच हसायचं." आज तिला नुसत्या खिडकीचा फोटो पाठवला. तिनं विचारलं खिडकीला पडदा नाहीये का.

परत जायचं की पुढे, अजून ठरवलेलं नाही. खोली अजून बारा दिवस आहे. पुढे गेलेच तर दोन-तीनच जागा करेन, प्रत्येक ठिकाणी महिनाभर. त्बिलिसीहून येरेवानला रात्रीची रेल्वे जाते, तिनं कुणी गेलंय का? वरचा बंक घ्यावा की खालचा, आणि बॉर्डरला उठवतात तेव्हा सामान घेऊन उतरावं लागतं का, तेवढं सांगा.